शेरीफचे घर : एका रहस्यकादंबरीमागचा इतिहास

रहस्यकथेतील गुप्तहेराला बहुधा घर नसते. शेरलॉक होम्सच्या बेकर स्ट्रीटवरील खोल्यांत घरमालकीण आहे, मित्र आहे, व्हायोलिन आहे. संसार मात्र नाही. आपल्याकडे ज्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचनालयांतून आणून एका बैठकीत संपवल्या, तिलाही नायकाच्या घरी दूधवाल्याचा हिशेब कोण चुकता करते, हा प्रश्न कधी पडला नाही. पोलिसी काम आणि घर यांची ओढाताण हा विषय रहस्यकथेत उशिराच आला. आला तेव्हाही समीक्षकांनी त्याच्याकडे ताटातल्या डाव्या बाजूसारखे पाहिले. पानातला मुख्य पदार्थ गुन्हा, आणि घर म्हणजे चटणी-कोशिंबीर.

अमेरिकन लेखिका जे. ए. जान्स यांची 'डेझर्ट हीट' ही कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली. ॲरिझोना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून असलेल्या कोचीस काउंटीत तिचे कथानक घडते. नायिका जोॲना ब्रेडी बिसबी या जुन्या खाणगावातील एका विमा कचेरीत नोकरी करते. तिचा नवरा अँडी शेरीफच्या खात्यात डेप्युटी आहे आणि येत्या निवडणुकीत शेरीफपदासाठी उभा आहे. लग्नाच्या दहाव्या वाढदिवशी जोॲना त्याची वाट पाहत बसते, आणि शेवटी शोधायला बाहेर पडते तेव्हा तो तिला घरापासून जवळच गोळी लागलेल्या अवस्थेत सापडतो. ही आत्महत्या असावी, अँडीचे अमली पदार्थांच्या तस्करांशी लागेबांधे असावेत, असा संशय खात्यातूनच व्यक्त होतो. पदरी नऊ वर्षांची मुलगी, शेजारी सतत उणे काढणारी आई, आणि नवऱ्याच्या नावाला लागलेला कलंक, अशा स्थितीत ती खऱ्या प्रकाराचा छडा लावते. पुढे लोक तिलाच उभे राहण्याचा आग्रह करतात आणि ती शेरीफ होते.

वाचकास हे कथानक सोयीस्कर वाटण्याचा संभव आहे. विमा विकणारी विधवा एकाएकी जिल्ह्याची पोलीसप्रमुख कशी होईल? आमचे म्हणणे असे की या कादंबरीतील सर्वांत अविश्वसनीय वाटणारी गोष्टच तिच्यातील सर्वांत ऐतिहासिक गोष्ट आहे. शेरीफच्या पदाला घर कादंबरीकारांनी बाहेरून आणून चिकटवलेले नाही. ते त्या पदाच्या पायातच होते. तो इतिहास समजून घेतल्यावाचून या जातीच्या कादंबऱ्यांची गोडी पुरती कळत नाही, म्हणून येथे तो थोडा विस्ताराने मांडत आहोत.

प्रथम 'शेरीफ' या शब्दाविषयी. मराठी वाचकाला तो ऐकून ठाऊक असतो तो मुंबईमुळे. मुंबईच्या शेरीफला मराठीत 'नगरपाल' म्हणतात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा हे पद भूषविले, आणि हे भाऊ दाजी मूळचे गोमंतकातील मांद्रे गावचे. परंतु मुंबईचा शेरीफ हा मानाचा धनी. त्याच्या हाताखाली फौज नाही की कमरेला पिस्तूल नाही. मूळ इंग्लंडमध्येही आज या पदाची हीच गत आहे. तेथे 'शायर' म्हणजे जिल्हा आणि 'रीव्ह' म्हणजे कारभारी, या दोन शब्दांचा सांधा होऊन शेरीफ हा शब्द बनला. १०६६ च्या नॉर्मन विजयाच्या आधीपासून राजाच्या वतीने जिल्ह्याची वसुली आणि बंदोबस्त पाहणारा हा अंमलदार होता. पुढे त्याचे अधिकार एकेक करून इतरांकडे गेले आणि झगा तेवढा शिल्लक राहिला.

अमेरिकेत मात्र उलटे घडले. वसाहती करणाऱ्यांनी हे पद बरोबर नेले आणि ते लोकांच्या मतांवर सोपवले. आज त्या देशात तीन हजारांवर काउंट्या आहेत आणि बहुतेक राज्यांत प्रत्येक काउंटीचा शेरीफ मतदार निवडून देतात, बहुधा चार वर्षांसाठी. जेथे शहराचे स्वतंत्र पोलीस नाहीत त्या सगळ्या मुलखाचा बंदोबस्त, न्यायालयाच्या हुकुमांची बजावणी, आणि काउंटीच्या तुरुंगाचा कारभार ही त्याची कामे. आपल्या जुन्या व्यवस्थेत याच्या जवळचे पद शोधायचे तर ते पाटलाचे. गावचा महसूल आणि गावचा बंदोबस्त दोन्ही पाटलाकडे असत. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटलाची कर्तव्ये लेखी नेमून दिली. पण पाटीलकी हे वतन होते, ते बापाकडून मुलाकडे जाई. अमेरिकन शेरीफला दर निवडणुकीला मतांची झोळी घेऊन दारोदार फिरावे लागते. आपल्याच मतदाराच्या मुलाला बेड्या घालण्याचा प्रसंग त्याच्यावर केव्हाही येऊ शकतो, हे त्या पदाचे खरे दुखणे.

त्या पदाची ताकद केवढी होती याचे उदाहरण जान्स यांच्या बिसबीतच घडले आहे. १२ जुलै १९१७ रोजी कोचीस काउंटीचा शेरीफ हॅरी व्हीलर याने सुमारे दोन हजार नागरिकांना तात्पुरते डेप्युटी नेमले आणि तांब्याच्या खाणींतील सुमारे बाराशे संपकरी कामगारांना व त्यांच्या पाठीराख्यांना बंदुकीच्या धाकाने गुरांच्या रेल्वेडब्यांत कोंबून शेजारच्या न्यू मेक्सिकोत नेऊन सोडले. एका माणसाच्या शब्दावर अर्धा गाव उरलेल्या अर्ध्या गावावर चालून गेला. ज्या मातीत जोॲना ब्रेडी हातात बिल्ला घेते, त्या मातीची ही आठवण आहे.

आता घराकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी इंडियाना, ओहायो, मिशिगन, आयोवा अशा राज्यांतील अनेक काउंट्यांनी एक विशिष्ट प्रकारची इमारत बांधली. पुढच्या बाजूला विटांचे देखणे दुमजली घर, पडदे लावलेल्या खिडक्या, ओसरी. आणि त्यालाच पाठीमागून जोडलेला गजांचा तुरुंग. पुढच्या घरात शेरीफ सहकुटुंब राही आणि मागे कैदी राहत. मधे एक दार. काउंटीला यात काटकसर दिसे, कारण शेरीफ निवडून आला की त्याच्याबरोबर स्वयंपाकीण, धोबीण, परिचारिका आणि बायकांच्या कोठडीची पहारेकरीण असा सगळा नोकरवर्ग आपोआप मिळे. ती अर्थात शेरीफची पत्नी. कैद्यांच्या जेवणासाठी माणशी काही भत्ता मिळत असे, पण तो शेरीफच्या नावे. रांधणारीच्या नावाची हजेरीपटावर बहुधा नोंदही नसे. स्त्री कैदी आली तर तिची झडती घ्यायची कोणी, रात्री कोणी आजारी पडला तर पाणी द्यायचे कोणी, शेरीफ घोड्यावरून तीस मैल दूर गेलेला असताना दारावरची थाप ऐकायची कोणी, या सगळ्यांचे उत्तर एकच होते. शेरीफची मुले त्याच इमारतीत वाढत. एका भिंतीपलीकडे चोर, दारुडे आणि कधी खुनी झोपत.

टेक्सासमधील कोलमन काउंटीची एमा बॅनिस्टर ही या व्यवस्थेतील स्त्री. तिचा नवरा जॉन बॅनिस्टर पूर्वी टेक्सास रेंजर दलात होता, पुढे शेरीफ झाला. कुटुंब तुरुंगाच्या तळमजल्यावर राहत असे. एमा कैद्यांचा स्वयंपाक पाही, मुलांचे करी, आणि कचेरीचे कागदपत्रही सांभाळी. ऑगस्ट १९१८ मध्ये जॉन वारला तेव्हा काउंटीच्या कारभाऱ्यांनी उरलेल्या मुदतीसाठी तिलाच शेरीफ नेमले. अमेरिकेतील पहिली स्त्री शेरीफ म्हणून तिचे नाव घेतले जाते. त्या वेळी साऱ्या देशातील स्त्रियांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती व्हायला दोन वर्षे अवकाश होता. मुदत संपताना कारभाऱ्यांनी तिचे नाव निवडणुकीसाठी सुचवण्याची तयारी दाखवली. तिने नकार दिला आणि मुलांना घेऊन शेतावर परतली. पहिली स्त्री शेरीफ म्हणून वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले. वस्तुतः ती पूर्वीपासून करीत असलेल्या कामाला त्या काही महिन्यांपुरते नाव मिळाले होते, एवढाच फरक.

या घराने रहस्यकथेला एक अजोड कृती दिली आहे. डिसेंबर १९०० मध्ये आयोवातील एका शेतावर जॉन हॉसॅक नावाचा शेतकरी झोपेत असताना कुऱ्हाडीने मारला गेला आणि त्याची पत्नी मार्गारेट हिच्यावर आरोप आला. सुसान ग्लॅस्पेल ही तरुण वार्ताहर डे मॉइनच्या एका दैनिकासाठी या खटल्याच्या बातम्या पाठवीत होती. मार्गारेटला जन्मठेप झाली, वरच्या न्यायालयाने ती रद्द केली, आणि दुसऱ्या वेळी पंचांचे एकमत न झाल्याने ती सुटली. पंधरा वर्षांनी ग्लॅस्पेलने त्यावरून 'ट्रायफल्स' ही एकांकिका लिहिली; १९१६ मध्ये ती रंगभूमीवर आली आणि पुढच्या वर्षी तिने तीच कथा गोष्टीच्या रूपात प्रसिद्ध केली.

या एकांकिकेत शेरीफ आणि सरकारी वकील खून झालेल्या घरात पुरावा शोधत वरच्या मजल्यावर फिरतात. शेरीफची पत्नी मिसेस पीटर्स आणि शेजारीण मिसेस हेल खाली स्वयंपाकघरात आरोपी बाईचे कपडे गोळा करीत असतात. स्वयंपाकघरात पाहण्यासारखे काही नाही, अशी पुरुषांची खात्री आहे. पण अर्धवट शिवलेल्या गोधडीतील एकाएकी विसकटलेली शिवण, मोडलेला पिंजरा आणि शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळलेला मेलेला पक्षी एवढ्यावरून त्या दोघींना सारा उलगडा होतो. वकील मिसेस पीटर्सला थट्टेने सांगतो की शेरीफची बायको म्हणजे तिचे लग्न कायद्याशीच लागलेले. ती मात्र तो पक्षी लपवायला मदत करते. आमच्या मते शेरीफच्या घरावरील कोणतीही रहस्यकथा या एकांकिकेला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही, कारण पोलिसी काम आणि घर यांची ओढाताण येथे एका माणसाच्या मनातच लढली जाते. कायद्याच्या दृष्टीने मिसेस पीटर्सने गुन्हा केला. तिने न्याय केला की अन्याय, याचा निर्णय ग्लॅस्पेल प्रेक्षकावर सोडते.

नवऱ्याच्या पश्चात पत्नीला पद मिळण्याची रीत एमा बॅनिस्टरनंतरही चालू राहिली. त्यात थोडी माणुसकी होती आणि थोडी सोय. काउंटीला नवा माणूस लगेच शोधावा लागत नसे, आणि विधवेला उत्पन्न राही. पण पदाबरोबर पदाची सगळी जोखीमही येई. इंडियानातील लेक काउंटीचा शेरीफ रॉय हॉली १९३३ मध्ये कर्तव्यावर असताना गोळी लागून मरण पावला आणि त्याची पत्नी लिलियन शेरीफ झाली. पुढच्याच वर्षी कुप्रसिद्ध दरोडेखोर जॉन डिलिंजर ॲरिझोनातील टूसाँ येथे पकडला गेला आणि तिच्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगात आणला गेला. ३ मार्च १९३४ रोजी तो तेथून निसटला. त्याच्या हातात लाकडाचे खोटे पिस्तूल होते ही कथा तेव्हापासून प्रसिद्ध आहे. तो पळाला तोही शेरीफच्याच फोर्ड मोटारीतून. चोरीची मोटार राज्याची हद्द ओलांडून इलिनॉयमध्ये गेल्याने केंद्रीय गुन्हा घडला आणि केंद्रीय तपास यंत्रणेला त्याच्यामागे लागण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. त्याच वर्षी जुलैमध्ये शिकागोत तो मारला गेला. तुरुंगातील पहारेकरी, डेप्युटी सारे पुरुष होते, पण देशभर हसू झाले ते एका बाईच्या हातून डिलिंजर सुटल्याचे.

याहून कठीण प्रसंग केंटकी राज्यातील डेव्हिस काउंटीच्या फ्लॉरेन्स टॉम्पसन हिच्यावर आला. एप्रिल १९३६ मध्ये तिचा नवरा न्यूमोनियाने वारला आणि चार मुलांची ही आई शेरीफ झाली. दोनच महिन्यांत गावात एका सत्तर वर्षांच्या वृद्धेवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. रेनी बेथिया या कृष्णवर्णीय तरुणाला पकडण्यात आले. खुनाची शिक्षा राज्याच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीवर होई. बलात्कारासाठी मात्र काउंटीच्या मुख्य गावी जाहीर फाशी देता येई. सरकारी वकिलाने फक्त बलात्काराचा आरोप ठेवला आणि पंचांनी पाच मिनिटांच्या आत निकाल दिला. फाशीची अंमलबजावणी शेरीफचे काम. एक स्त्री पुरुषाला फाशी देणार, या बातमीने देशभरातील वार्ताहर ओवेन्सबरोत जमले. १४ ऑगस्ट १९३६ च्या पहाटे सुमारे वीस हजारांचा जमाव उभा होता. कळ दाबली ती तिने नेमलेल्या माणसाने; ती स्वतः जवळच होती. अमेरिकेतील ही शेवटची जाहीर फाशी. दोन वर्षांनी केंटकीने तो कायदाच रद्द केला. एका कृष्णवर्णीय तरुणाचा खटला इतक्या झटपट कसा आटोपला, हा प्रश्न त्या गर्दीतील फारच थोड्यांना पडला. बाईचा हात कापतो की नाही, हे पाहायलाच लोक आले होते.

या पार्श्वभूमीवर 'डेझर्ट हीट' पुन्हा वाचावी. विधवेकडे पद येते ही जुनीच रीत. पण जान्स तेथे थांबत नाहीत. जोॲना नेमली जात नाही, निवडून येते. १९९४ च्या 'टूमस्टोन करेज'मध्ये ती पदावर आहे आणि सहानुभूतीवर निवडून आलेली बाई ही कुजबूज ऐकते आहे. १९९५ च्या 'शूट/डोन्ट शूट'मध्ये ती मुलीला घरी ठेवून पोलीस प्रशिक्षणाला जाते, कारण मिळालेले पद आणि येणारे काम यांतील अंतर तिला स्वतःच्या कष्टाने भरून काढायचे आहे. पुढे तिचा पुनर्विवाह होतो. दुसरा नवरा बुच डिक्सन घर सांभाळतो आणि, गमतीची गोष्ट म्हणजे, रहस्यकादंबऱ्या लिहितो. २००३ च्या 'एक्झिट वूंड्स'मध्ये फेरनिवडणुकीच्या धामधुमीत ती गरोदर असते, आणि २०१८ च्या 'फील्ड ऑफ बोन्स'मध्ये बाळंतपणाच्या रजेवर. क्राउन पॉइंटच्या इमारतीतील मधले दार येथे नाहीसे झाले आहे. पण रात्री जेवणाच्या वेळी वाजणारा दूरध्वनी तेच काम करतो. जोॲनाचे वडीलही एके काळी शेरीफ होते. रस्त्यात अडकलेल्या अनोळखी प्रवाशाच्या मोटारीचे चाक बदलून देताना त्यांचा मृत्यू झाला, आणि ज्या पदाने आधी नवरा व मग जावई नेला त्याच पदावर मुलगी बसल्याचे दुःख आई एलिनॉरच्या प्रत्येक टोमण्यामागे आहे. कजाग वाटणारी ही आई नीट वाचली की उमजते.

लेखिकेचे स्वतःचे आयुष्यही या लेखनामागे उभे आहे. जान्स १९४४ च्या जन्माच्या, बिसबीतच वाढल्या. विद्यापीठातील सर्जनशील लेखनाच्या वर्गात मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. पहिला विवाह नवऱ्याच्या दारूपायी मोडला. दोन मुलांना एकट्याने वाढवीत, दिवसा आयुर्विमा विकत, त्यांनी पहाटे चार ते सात या वेळात पहिली पुस्तके लिहिली. १९८५ मध्ये पहिली रहस्यकादंबरी निघाली तेव्हा पुरुष पोलिसाची कथा बाईने लिहिल्याचे वाचकास कळू नये म्हणून नावाची आद्याक्षरेच छापण्यात आली. त्यांच्या कथानकांत योगायोग फार होतात, शेवट कधी कधी घाईने गुंडाळला जातो, हे आम्ही मान्य करतो. परंतु मूल शाळेतून येण्याच्या वेळी पंचनाम्याला निघावे लागणाऱ्या बाईचे घड्याळ त्यांच्याइतके अचूक लावणारा लेखक आम्हांस दुसरा आढळला नाही.

पुरुष शेरीफांच्या कादंबऱ्यांतही अलीकडे हे घर परतले आहे. क्रेग जॉन्सन यांच्या वॉल्ट लाँगमायर मालिकेत वायोमिंगचा विधुर शेरीफ गुन्ह्यांइतकाच दूर शहरात राहणाऱ्या मुलीच्या फोनमध्ये गुंतलेला असतो. कॉरमॅक मॅकार्थी यांच्या २००५ च्या 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'मधील म्हातारा शेरीफ बेल सांगतो की त्याची बायको लॉरेटा कैद्यांना रांधून घालीत असे, आणि सुटलेली माणसे वर्षांनंतर बायकामुलांना घेऊन परत येत ती त्याला भेटायला नव्हे, तिला. इतक्या रक्तरंजित कादंबरीत ही नोंद सहज येऊन जाते. पण त्या पदाचा शंभर वर्षांचा इतिहास तिच्यात आहे.

हे सारे दूर देशीचे खरे. तरी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या जुन्या घराण्यांनी ते वाचावे असे आम्हांस वाटते. संस्थानी काळात फौजदारी, कोतवाली, कमाविशी केलेल्या पूर्वजांच्या सनदा आपण जपल्या आहेत, त्यांच्या तसबिरी दिवाणखान्यात आहेत. वंशावळीत त्यांच्या पत्नींची नावे कितीशी असतात? ज्या वाड्याच्या ओसरीवर कचेरी भरे, त्या वाड्यात अवेळी आलेल्या शिपायाला पान वाढणारी, धनी फिरतीवर असताना दारी आलेल्या फिर्यादीला थोपवून धरणारी, कचेरीतले बोलणे ऐकूनही बाहेर एक अक्षर न फुटू देणारी बाई कागदावर कोठेच नाही. त्या बायकांच्या आठवणी सांगणारे फार थोडे लोक आता उरले आहेत. ज्यांच्या घरी अशी एखादी आजी किंवा आत्या अजून आहे, त्यांनी तिच्यापाशी वही घेऊन बसावे, आणि पूर्वजांच्या सनदेसोबत ती वहीही ठेवावी.